दोन टच, चार गेट, एक जोकर : बारा वर्षांखालच्या फुटबॉल सरावाच्या नोंदी

ठिकाण कोल्हापूर. मैदान शाळेचं, कडक लाल मातीचं. एका अंगाला वर्गांची इमारत, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. गट बारा वर्षांखालचा, १६ जण, त्यांत ३ मुली. सराव मंगळवार, गुरुवार आणि रविवार, सकाळी ६.४५ ते ८. साहित्य: साइझ ४ चे ८ बॉल, फुटसालचे (छोट्या मैदानावरच्या फुटबॉलचे, कमी उसळणारे) २ बॉल, ४० मार्कर, नंबर टाकलेले निळे आणि केशरी बिब (शर्टावरून घालायच्या बंड्या; नोंदीत मुलांना त्यांच्याच रंगा-नंबरानं ओळखायचं), गेटसाठी (दोन बांबूंमधला छोटा गोल) १६ बांबू, फक्की, ३० मीटरचा टेप.

तपासायचं ते एवढंच: सरावात खेळाचे नियम बदलले तर मुलं नेमकं काय शिकतात आणि नियम काढून घेतल्यावर त्यातलं काय टिकतं.

पद्धत: एका दिवशी एकच बदल. चार मिनिटांचे चार डाव, मधे दीड मिनिट विश्रांती. पहिला आणि चौथा डाव साधा, मधले दोन बदललेल्या नियमाचे. खरं लक्ष चौथ्या डावावर. नियम चालू असताना मुलं तो पाळणारच, त्याला शिकणं म्हणत नाहीत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाइलवर चित्रण करायचं आणि प्रत्येक बिबसाठी तीन गोष्टी टिपायच्या: बॉल पायात येण्याआधी मान वळवून मागे पाहिलं का, बॉल घेतल्यावर तोंड पुढे झालं का, बॉल गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत काय केलं. मोजणीचे तक्ते वेगळ्या वहीत. इथे फक्त नियम का ठेवला, का बदलला, का टाकला, तेवढं.

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज कुठलाच बदल नाही. ८ विरुद्ध ८, मैदान ६० × ४० मीटर, म्हणजे माणशी १५० चौरस मीटर. (मोठ्यांच्या १०५ × ६८ मीटरच्या मैदानावर २२ जणांत हेच माणशी साधारण ३२५ होतं. तुलनेला हा आकडा प्रत्येक नोंदीत लिहायचा.)

गोलकीपर हातात आलेला प्रत्येक बॉल लाथेनं लांब मारतो. बॉल टप्पे खात येतो, पाच-सहा जण त्याच्याभोवती गोळा होतात, त्यातला अंगानं मोठा असलेला तो घेऊन निघतो. कडेची मुलं उभी. मान वळवून मागे पाहणं जवळजवळ नाहीच, कारण बॉल कधी येईल याचा भरवसा नाही आणि आला तर हवेतून येतो.

झुंबड उडते म्हणजे मुलांना शिस्त नाही, असं लगेच लिहून टाकू नये. १६ जणांत एक बॉल असला की बॉलच्या जवळ जाणं हाच खेळात भाग घ्यायचा एकमेव मार्ग उरतो. ‘पसरा, पसरा’ असं ओरडून हे बदलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार गेट. ४ वि. ४, मैदान २८ × २० मीटर, माणशी ७० चौरस मीटर. शेजारी शेजारी अशी दोन मैदानं, म्हणजे बाहेर बसून राहणारं कुणीच नाही. प्रत्येक टोकाच्या रेषेवर दोन गेट, प्रत्येक २ मीटर रुंद, कोपऱ्यापासून ३ मीटर आत. दोन गेटांमधलं अंतर १० मीटर. गोलकीपर नाही. हा साचा नवा नव्हे. जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांनी ३ वि. ३ आणि चार छोटे गोल असा ‘फुनिनो’ नावानं तो पसरवला. जर्मन फुटबॉल संघटनेनं २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान वयोगटांसाठी छोट्या गोलांवरचे असे छोटे सामने बंधनकारक केले.

पहिल्याच मिनिटाला घोळ. बचाव करणाऱ्या दोघांनी एकेक गेट वाटून घेतलं आणि बांबूंच्या मधे पाय रोवून उभे राहिले. लांबून मारलेला गोल चालतो म्हटल्यावर गेट सोडून पुढे येणं त्यांना परवडणारच नाही. उपाय: गेटच्या पुढे ६ मीटरवर फक्कीची रेषा, गोलाचा शेवटचा टच त्या रेषेच्या आत हवा. लांबच्या फटक्याची धास्ती संपली तसे ते गेट सोडून बॉलकडे येऊ लागले, आणि हल्ला करणाऱ्यांना आत शिरल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

मग हवं ते दिसलं. केशरी २ उजव्या गेटकडे निघाली, समोर दोघं आडवे आले. तिनं बॉल तळव्याखाली दाबून थांबवला, मान वर केली, डाव्या गेटकडे वळली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. एकच गोल असता तर वळायला जागा आणि कारण दोन्ही नव्हतं.

बॉल बाहेर गेला की थ्रो-इन नको. रेषेवरून ड्रिबल करत (बॉल पायाशी ठेवून पळत) आत यायचं, विरोधक ३ मीटर दूर. थ्रो-इनमध्ये या वयात बॉल निम्म्या वेळा समोरच्यालाच जातो आणि हात वर, पाय खाली यावरून वाद होतात ते वेगळेच.

नियम ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन टच: बॉल पायात आल्यावर एकानं त्याला जास्तीत जास्त दोनदाच पाय लावायचा. गावोगावच्या सरावात सर्वांत जास्त ऐकू येणारा नियम हाच. हेतू असा सांगतात की बॉल लवकर सुटतो आणि मुलं आधी बघायला शिकतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात घेतला. ४ वि. ४, ३० × २० मीटर, माणशी ७५, दोन छोटे गोल.

नियम लागला आणि खेळ देखणा झाला. बॉल फिरतोय, मुलं एकमेकांना हाका मारतायत, कुणी बॉल घेऊन अडकत नाही. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला वाटावं, चला, जमलं. तिसऱ्या डावात बचाव करणाऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: समोरच्याचा पहिला टच झाला की आता पास येणार म्हणजे येणारच. तो ड्रिबल करून निघून जाईल ही भीती उरली नाही. त्यांनी बॉलवाल्याच्या अंगावर जाणं सोडलं आणि पासच्या वाटा अडवून उभे राहू लागले. खऱ्या सामन्यात बॉलवाल्याला असं मोकळं सोडलं तर तो सरळ आत घुसतो. नियम हल्ला करणाऱ्यासाठी घातला होता. वाईट सवय लागली बचाव करणाऱ्याला.

चित्रणातला एक प्रसंग पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. निळ्या ४ ला डाव्या कडेला बॉल मिळाला. समोर सात-आठ मीटर पूर्ण मोकळे. त्यानं पहिला टच आतल्या बाजूला घेतला आणि मागे पास दिला. मोकळ्या जागेत जायचं तर तिसरा टच लागतो आणि तिसरा टच फाउल. मोकळी जागा त्याला दिसली नाही असं नाही. ती वापरणं नियमानं निकामी करून टाकलं होतं.

दुसरी अडचण: ज्याचा पहिला टच कच्चा त्याचा बॉल दीड-दोन मीटर लांब जातो, आणि दुसरा टच म्हणजे मग घाईत मारलेली लाथ. ज्याला बॉलसोबत जास्त वेळ हवा त्यालाच हा नियम सर्वांत कमी वेळ देतो.

चौथ्या डावात सुरुवातीला बॉल लवकर सुटत होता, मग खेळ पहिल्या डावासारखा झाला. मागे पाहण्याच्या मोजणीत फरक नाही. त्यात नवल नाही, कारण दोन टचमध्ये मागे न पाहताही भागतं: आलेला बॉल जिथून आला तिथेच परत द्यायचा.

सगळ्यांना, सगळ्या मैदानावर दोन टच हा प्रकार बंद. जोखीम जिथे जास्त तिथेच, म्हणजे स्वतःच्या हाफमध्ये दोन टच आणि पुढे मोकळीक, हा पर्याय पुढे बघायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मनाई काढून बक्षीस. नियम: साधा गोल १, एका टचमध्ये मारलेला गोल २. बंदी कशावरच नाही.

कबड्डीत हे आपल्याकडे जुनंच आहे. बोनस रेषा चढाई करणाऱ्याला काही करायला भाग पाडत नाही. समोर सहा किंवा जास्त जण असताना ती ओलांडली तर गुण मिळतो, एवढंच. त्या एका गुणासाठी चढाईची दिशा बदलते आणि कोपऱ्यातले खेळाडू कुठे उभे राहतात तेही बदलतं. इथेही तसंच: ड्रिबल, पास, फटका सगळं शिल्लक राहतं, म्हणून बचाव करणाऱ्यालाही सगळ्याचा विचार करावा लागतो.

मुलं दूरच्या खांबाकडे पळायला लागली, कारण एका टचचा गोल तिथे मिळतो. पण दुसरीकडे, समोर गोल उघडा असताना बॉलवाला आडवा पास द्यायचा. हिशेब करून बघितला तर पोरांचं चुकत नाही. १ आणि २ अशी किंमत असली तर, साथीदाराची संधी आपल्या संधीच्या निम्म्याहून जास्त असली की पास फायद्याचा ठरतो. किंमत बदलली: साधा गोल २, एका टचचा ३. आता पास परवडायला साथीदाराची संधी आपल्या दोन-तृतीयांशाहून जास्त हवी. उघड्या गोलासमोरचे पास थांबले आणि दूरच्या खांबाकडची पळापळ मात्र राहिली.

बोनस ठेवताना पहिल्यांदा दुप्पट कधीच करू नये. दीडपट पुरतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

‘पाच पास झाल्याशिवाय गोल नाही.’ ५ वि. ५, ३६ × २४ मीटर, माणशी साधारण ८६; सहा जण आळीपाळीनं मोजणीला.

मागच्या दोघांनी आपसात चार पास केले, मोठ्यानं मोजत. ‘सर, पाच झाले की!’ तोवर बचाव करणारे आरामात उभे, कारण पाचव्यापर्यंत गोल होऊच शकत नाही. पाचवा पास झाला की सगळे गोलासमोर धावतात. बॉल आपल्याकडे ठेवायला शिकावं म्हणून घातलेला नियम, आणि शिकणं काय झालं, तर धोका नाही तिथे बॉल फिरवायचा. शिवाय मोजण्यात डोकं गुंतलेलं मूल आजूबाजूला बघत नाही.

मुलं नियमाचा हेतू शिकत नाहीत, नियमात जे परवडतं ते शिकतात. प्रत्येक नियम लिहिताना शेजारी ‘यात आळशी माणसाला काय परवडेल?’ हा रकाना ठेवायचा ठरलं. तो भरल्याशिवाय नियम मैदानावर आणायचा नाही.

दुरुस्ती: गोल केव्हाही खुला. मैदानाचे १२ मीटरचे तीन पट्टे. एकाच ताब्यात तिन्ही पट्ट्यांत संघाच्या कुणाच्या तरी पायात बॉल आला आणि मग गोल झाला तर २ ऐवजी ३. आता मोजायचं काही नाही, आणि मधल्या पट्ट्यात पाठीमागे माणूस असताना बॉल घेणारा कुणीतरी लागतो. मागे पाहण्याच्या मोजणीत पहिला स्पष्ट फरक आज दिसला, तोही फक्त मधल्या पट्ट्यातल्या मुलांमध्ये. कडेच्यांना मागे पाहायची गरजच नव्हती, पाठीशी रेषा होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

अर्ध्या मैदानावर कबड्डीचा मांडव. उरलेल्या जागेत आकाराचा प्रयोग. ४ वि. ४, एक मैदान ४० × २० मीटर, दुसरं २५ लांब आणि ३२ रुंद. दोन्ही ८०० चौरस मीटर, माणशी बरोबर १००. म्हणजे जागा तेवढीच, फक्त आकार वेगळा. बाकी नियम साधे, दोन छोटे गोल.

लांब-अरुंद मैदानावर बॉल घेऊन सरळ पुढे धाव, एकास एक झुंज, मागच्याच्या डोक्यावरून बॉल. आडव्या-रुंद मैदानावर बॉल या कडेवरून त्या कडेवर जाऊ लागला, पण गोल जवळ असल्यानं कुठूनही फटके सुरू झाले. ६ मीटरची रेषा इथेही लागते. तोंडी सूचना एकही दिली नव्हती.

रुंद मैदान मारायला फक्की जास्त लागत नाही, परिमिती जवळजवळ तेवढीच (१२० मीटर आणि ११४). कुणी तसं कारण सांगितलं तर ऐकू नये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गोलकीपरकडून सुरुवात.

नियम बदलून खेळ बदलणं सरावापुरतं नाही. १९२५ मध्ये ऑफसाइड (पास येण्याआधीच समोरच्यांच्या गोलाजवळ फार पुढे जाऊन उभं राहण्याचा फाउल) न होण्यासाठी पुढे लागणारे विरोधक तीनवरून दोन केले. गोल वाढले आणि त्याला तोड म्हणून संघांनी मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू बनवला. १९९२ मध्ये साथीदारानं पायानं दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घेण्याला बंदी आली. त्यानंतर वाढलेल्या गोलकीपरांना पायानं खेळणं शिकावंच लागलं. २०१९ मध्ये गोलकिकचा (गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलासमोरून परत खेळात आणायचा) बॉल पेनल्टी एरियाबाहेर, म्हणजे गोलासमोरच्या आखलेल्या चौकोनाबाहेर, जाण्याची अट गेली, आणि दोन बचावपटू गोलकीपरच्या अगदी जवळ उभे राहून खेळ बांधताना सर्रास दिसू लागले. नियम करणाऱ्यांच्या मनात होतं त्यापेक्षा बरंच जास्त दर वेळी बदललं.

आपला नियम: अमेरिकेत १० वर्षांखालच्या ७ वि. ७ सामन्यांत ‘बिल्ड-आउट’ रेषा असते. गोलकीपरकडे बॉल असताना किंवा गोलकिक असताना विरोधकांनी त्या रेषेमागे जायचं. गोलकीपरनं हातातला बॉल लाथाडणंही बंद. तेच घेतलं, फक्त सुरुवातीला रेषा हाफलाइनवर ठेवली. ७ वि. ७, मैदान ५० × ३२ मीटर, माणशी साधारण ११४. उरलेले दोघं मोजणीला, डावागणिक बदली.

बिघडलं ते असं. विरोधक बोटं रेषेला टेकवून उभे, पास सुटला की चौघं एकदम धावतात. पास घेणारा गोलकीपरपासून पाच-सहा मीटरवर, तोंड स्वतःच्या गोलाकडे. त्याला मागून येणारी झुंड दिसत नाही आणि बॉल तिथेच जातो. दुसरं, रेषेचा आधार मिळाल्यावर गोलकीपर कुणाकडे न बघता जवळच्याला पास देतो. रेषा काढली की तोच पास थेट विरोधकाच्या पायात.

दुरुस्त्या तीन. गोलकीपरनं विरोधक मागे जाईपर्यंत थांबायची गरज नाही, हवं तर लगेच खेळावं. म्हणजे बघून ठरवावं लागतं. पास घेणाऱ्या दोघांसाठी कडेच्या रेषेपासून ४ मीटरवर मार्कर, पाठ कडेच्या रेषेकडे. अंग तिरपं राहतं आणि अख्खं मैदान दिसतं. आणि रेषा गोलापासून २५ मीटरवरून १८, मग १२, मग बंद. पुढची पायरी केव्हा, तर सलग दोन डावांत बहुतेक वेळा बॉल पहिल्या पट्ट्यातून पुढे गेला की.

लांब किकवर मात्र पूर्ण बंदी घातली नाही. गोलकीपरची किक हाफलाइनच्या पलीकडे टप्पा पडली तर बॉल समोरच्यांचा. अलीकडे पडली तर खेळ चालू. लांब बॉलची शक्यताच नसेल तर विरोधकांना मागे थांबायचं कारण राहत नाही, आणि सगळे वर येऊन गळा आवळतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फुटसाल बॉल. कडक मातीवर साइझ ४ चा साधा बॉल गुडघ्यापर्यंत उसळतो आणि मुलांचा निम्मा सराव उसळी आवरण्यात जातो. फुटसालचा बॉल २ मीटरवरून टाकला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटर असावी असा दंडक आहे. भिंतीवर खडूनं खुणा करून आपले दोन्ही बॉल तपासले, दोन्ही बसले.

फायदा लगेच दिसतो: बॉल पायाजवळ राहतो, तळव्यानं ओढणं, थांबवणं, वळणं आपोआप येतं. तोटा वजनाचा. त्याचं वजन ४०० ते ४४० ग्रॅम, जवळजवळ मोठ्यांच्या साइझ ५ इतकं (४१० ते ४५०). लांब किक आणि हेडिंग अजिबात नको, आणि एका दिवशी २० मिनिटांच्या वर नको.

साध्या बॉलची हवा कमी करून तोच परिणाम मिळवायचा प्रयत्न सर्रास होतो. उसळी कमी होते, पण बॉल पायावर चपटतो आणि फटका मारल्यावर वेडावाकडा जातो. पायाला खोटी माहिती मिळते. पैसे नसतील तर हवा काढण्यापेक्षा छोट्या जागेत, बॉल जमिनीवरच राहील असा खेळ घ्यावा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

‘सर्वांचा टच झाल्याशिवाय गोल नाही.’ सर्वांना सामावून घेण्यासाठी म्हणून हा नियम बऱ्याच ठिकाणी चालतो. एकच डाव घेतला आणि थांबवला.

केशरी ७ गटात नवी. तिला स्वतःच्या गोलाजवळ, आसपास कुणी नसताना एक पास मिळाला, तिनं तो लगेच परत दिला. ‘झाला हिचा टच, चला!’ त्यानंतर डाव संपेपर्यंत तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. टच झाला, खेळ झाला नाही. वर सगळ्यांदेखत ती अडथळा ठरली.

त्याऐवजी ३ वि. ३, २४ × १८ मीटर, माणशी ७२, चार गेट. तिघांत कुणाला लपता येत नाही आणि दोघांनी आपसातच पास देऊन भागत नाही. जोड्या साधारण सारख्या ताकदीच्या लावायच्या, दर दोन डावांनी बदलायच्या. बिब वाटताना मुलं आपापल्या पेठेवरून गट पाडायला बघतात. पाटाकडील आणि दिलबहार या इथल्या दोन तालमींच्या संघांचे कट्टर चाहते एका संघात घातले की आठ मिनिटं नुसती कुरबुर चालू राहते, मग विसरतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जोकर. ४ वि. ४ अधिक एक, बॉल ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूनं खेळणारा. ३० × २५ मीटर, नऊ जणांत माणशी साधारण ८३.

जोकर चांगला खेळणारा असला की प्रत्येक पास त्याच्याकडेच; बाकीचे नुसते पळतात. कच्चा असला की त्याला वगळतात आणि खेळ ४ वि. ४ राहतो. दोन्हीकडे तोडगा एकच: जोकरला मधोमध न ठेवता कडेच्या रेषेबाहेर ठेवायचा, दोन टच फक्त त्याला, गोल करायची मुभा नाही, दोन मिनिटांनी बदली. कडेवर दाबच नसतो, त्यामुळे कच्च्या मुलाला बॉल थांबवून बघायला वेळ मिळतो, आणि दोन टचनं जे बिघडतं ते इथे बिघडत नाही, कारण त्याच्यावर बचाव करणारंच कुणी नाही.

जोकरचा न सुटणारा दोष: बॉल गेला की तो लगेच पलीकडच्यांचा होतो. ताबा गमावणाऱ्या संघाला एक माणूस कमी पडतो, म्हणून मुलं बॉलमागे न धावता गोलाकडे मागे सरकतात. तीन सेकंदांच्या मोजणीत हे स्वच्छ दिसतं. बॉल गमावल्यावर लगेच दबाव आणायला शिकवायचं असेल त्या आठवड्यात जोकर नको.

२ डिसेंबर, मंगळवार

‘निळे १-० नं मागे, चार मिनिटं उरली.’ चिठ्ठी काढून परिस्थिती ठरवायची. मुलांना हा प्रकार प्रचंड आवडला. आघाडीवर असलेल्यांनी दुसऱ्याच मिनिटाला बॉल भिंतीपलीकडे मारला. आणायला जाण्यात वेळ गेला. मोठ्यांचे सामने बघणाऱ्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

उपाय साधा: बाहेर गेलेला बॉल मेला. कडेला सहा बॉल तयार, प्रशिक्षकानं लगेच नवा आत टाकायचा, ज्यांच्याकडून गेला त्यांच्या विरोधकाच्या पायात. वेळ काढणं परवडेनासं झालं तसे ते कोपऱ्यात बॉल अडवून धरायला लागले, आणि ते मात्र खरोखर शिकण्यासारखं आहे. मागे असलेल्यांनी गोलकीपरला पुढे आणून पास खेळायला सुरुवात केली.

७ डिसेंबर, रविवार

दुसऱ्या एका गटाबरोबर सामना, ९ वि. ९. सगळे नियम साधे. पालक दोन्ही कडांना.

पहिली पंधरा मिनिटं गोलकीपरनं जवळचे पास दिले. एकदा पास चुकला, गोल होता होता राहिला. कडेवरून आवाज सुरू: ‘लांब मार! लांब मार की!’ त्यानंतर प्रत्येक बॉल हवेत. महिनाभराचा सराव दोन शब्दांनी पुसला.

कार्ल न्यूएल यांनी १९८६ मध्ये हालचाल घडवणाऱ्या बंधनांचे तीन भाग केले: खेळाडूचे, कामाचे आणि परिसराचे. आपण नियम बदलतो तो कामाचा भाग. कडेवरचा आवाज परिसरात येतो, आणि सरावात तो कधीच नसतो. तेव्हा पुढच्या सामन्यापासून पालक एकाच कडेला, रेषेपासून ५ मीटर मागे, दोरीच्या पलीकडे. टाळ्या आणि शाबासकी चालेल, सूचना नाहीत. आणि सरावात एक डाव मुद्दाम गोंगाटाचा: बाहेर बसलेल्यांनी ‘लांब मार’ ओरडायचं, गोलकीपरनं स्वतः बघून ठरवायचं. लांब मारणं बरोबर असेल तर मारावं, एवढंच की ते त्यानं ठरवलेलं असावं.

२१ डिसेंबर, रविवार

स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे आठवडाभर मैदान बंद होतं. ते पथ्यावरच पडलं: सरावानंतर लगेच घेतलेली मोजणी फसवी असते, खंड पडल्यावर जे उरतं तेच खरं. ४ नोव्हेंबरचीच मांडणी: ८ वि. ८, ६० × ४०, नियम साधे.

टिकलेलं: अडवल्यावर दुसरीकडे वळणं, हे जवळजवळ सगळ्यांत. गोलकिकला दोघं कडेला जाऊन तिरपे उभे राहतात, न सांगता. मधल्या फळीतल्या मुलांचं मागे पाहणं वाढलंय. कडेच्यांचं नाही, आणि त्यांच्यासाठी आपण काही केलंही नव्हतं. त्यांना पाठीमागून दाब येईल असा एकही खेळ या यादीत नाही.

न टिकलेलं: एका टचच्या गोलासाठी दूरच्या खांबाकडची धाव. बक्षीस गेलं, धावही गेली. कारण उघड आहे. १६ जणांच्या खेळात कडेवरून आत येणारा बॉलच मुळात कमी, मग धावून हाती काही लागत नाही. आधी बॉल तिथवर पोचायला हवा.

बॉल गमावल्यावरचे पहिले तीन सेकंद होते तसेच. जोकरच्या दिवशी दिसलेली मागे सरकायची सवय पुरती गेलेली नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

जानेवारीची आखणी. एक: बॉल गमावल्यावर पाच सेकंदांत परत मिळवला आणि त्याच ताब्यात गोल झाला तर २ ऐवजी ३, ४ वि. ४, २८ × २०, जोकर नाही. ‘आळशी माणसाला काय परवडेल’ या रकान्यात आत्ताच लिहिलेलं आहे: बॉल मुद्दाम गमावून परत घेणं. म्हणून गोल विरोधकाच्या हाफमध्ये मिळवलेल्या बॉलवरच मोजायचा. दोन: कडेच्यांसाठी आडवं-रुंद मैदान, गेट कोपऱ्यांऐवजी कडेच्या रेषांवर, म्हणजे दाब पाठीमागून येईल. तीन: स्वतःच्या हाफमध्ये दोन टच, ९ वि. ९ मध्ये, एकच डाव.

फक्कीच्या दोन पिशव्या आणायच्या. बांबूंची वरची टोकं चिंध्यांनी बांधायची, केशरी २ च्या कोपराला ओरखडा आलाय. फुटसालच्या एका बॉलची उसळी खडूच्या वरच्या खुणेपलीकडे जाते. हवा तपासून पुन्हा २ मीटरवरून टाकून बघायचा.